सबनीसकाकांचा पहिला तास

शरच्चंद्र सबनीस नव्या कारखान्यात शिरले की मशीनकडे बघतसुद्धा नाहीत. आधी गटार बघतात. मग भिंतीवर पुराच्या पाण्याच्या खुणा शोधतात, वारा कुठून येतो ते बघतात आणि माणसं डबा खायला कुठे बसतात त्याची चौकशी करतात. मशीन बिचारं खोक्यातून निघून ताटकळत उभं असतं आणि हा अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात काठी घालत असतो. कालिंदीने हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपण चुकीचा माणूस आणला की काय, अशी शंका तिला आली.

आणला होता तिनेच. कालिंदी मूळची इचलकरंजीची, कापडाच्या धंद्यात वाढलेली आणि त्याच विषयात शिकलेली. नवरा अनीश बँकेत अधिकारी. त्याची बदली कोलकात्याला झाली म्हणून तीही आली आणि वर्षभर घरात बसून कंटाळल्यावर बजबजच्या एका छोट्या कारखान्यात तिला काम मिळालं. तिथे तागाच्या कापडावर छपाई होते आणि त्याच्या पिशव्या शिवल्या जातात. छपाईला बत्तीस बायका. बाकी सगळं ठीक, पण पावसाळ्यात हुगळीकाठच्या दमट हवेत छापलेलं कापड वाळता वाळत नाही. दोन-दोन दिवस पंख्याखाली टांगून ठेवलं तरी घडीत ओल राहते आणि पिशवीवर काळे ठिपके उठतात. गेल्या वर्षी अख्खा माल परत आला होता. मालकांनी त्याच दिवशी सांगून टाकलं होतं, पुढच्या वर्षी दुर्गापूजेआधीचा माल असाच परत आला तर छपाई बंद, छापलेलं कापड बाहेरून आणू. म्हणजे बत्तीस बायका घरी.

मग कालिंदीनेच महिनाभर मागे लागून वाळवणीच्या खोलीला गरम हवा द्यायची कल्पना मालकांच्या गळी उतरवली. भट्टी बाहेर अंगणात, उघड्यावर. ती गॅसवर पेटणार, तिच्या आतल्या नळ्या तापणार, पंखा त्या नळ्यांवरून हवा ढकलणार आणि पत्र्याच्या चौकोनी डक्टमधून ती गरम हवा भिंतीतून खोलीत येणार. आग बाहेर, ऊब आत. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला भट्टी आली आणि पाठोपाठ विकणाऱ्यांचा निरोप आला की बसवायला माणसं दुर्गापूजेनंतरच मिळतील. माल तर षष्ठीच्या, म्हणजे पूजा सुरू व्हायच्या आत बंदरावर पोचायला हवा होता.

त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीची आरती पाऊण तास खोळंबली. का म्हणून बघायला कालिंदी मागे स्वयंपाकघरात गेली, तर एक शिडशिडीत म्हातारे गृहस्थ महाप्रसादाच्या मोठ्या शेगडीची नळी सोडवून बसले होते आणि मोदकांच्या चाळण्या हातात घेतलेल्या पाच-सहा बायका त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

"नळीला चीर आहे. नवी आणायला माणूस गेलाय," ते म्हणाले.

"अहो, पण गणपती खोळंबलेत," एक बाई म्हणाली.

"त्यांना घाई नाही. मी विचारून आलोय," असं म्हणून त्यांनी शांतपणे फडक्याला हात पुसले.

कालिंदीला हा माणूस तिथल्या तिथे आवडला. तेच शरच्चंद्र सबनीस. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी वाईहून गार्डन रीचला आले, वडिलांनी भवानीपूरला बिऱ्हाड केलं आणि शरच्चंद्र तिथेच जन्मले, तिथेच म्हातारे झाले. चाळीसहून जास्त वर्षं गॅसच्या कामात. आधी शहरातल्या कोळशाच्या गॅसच्या जुन्या पाइपांवर, नंतर कारखान्यांच्या भट्ट्यांवर. बंगाली लोकांचे ते शोरोतदा. मराठी एकदम स्वच्छ बोलतात, फक्त चहा पीत नाहीत, बंगाल्यांसारखा 'खातात'. मुलगी नूपुर न्यू टाउनमध्ये एका कंपनीत आहे. बाबांनी आता घरी बसावं म्हणून ती रोज सकाळी नऊला फोन करते आणि तो चुकवायला हे साडेआठलाच पिशवी घेऊन बाहेर पडतात.

तर हे सबनीसकाका बजबजला आले आणि नाल्यात काठी घालून बसले. तासाभराने त्यांनी तोंड उघडलं ते सिलिंडरसाठी बांधलेल्या ओट्याबद्दल. ओटा छान होता, पण नाल्याच्या कडेला होता.

"हा गॅस हवेपेक्षा जड, कालिंदीबाई. गळला तर वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो. हा नाला कुठे जातो?"

"वाळवणीच्या खोलीखालून नदीकडे."

"मग ओटा तिकडच्या टोकाला न्यायचा," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून निळी वही काढली.

ओटा हलला. मग भट्टीची बैठक, म्हणजे तिच्याखालचा चौथरा. फोरमन मृणालबाबूंनी ती वीतभर उंच धरली होती. सबनीसकाकांनी त्यांना काही न विचारता छपाईतल्या सगळ्यात जुन्या बाईला, रजनीला, बोलावून घेतलं आणि मोठ्या वादळाच्या वर्षी अंगणात पाणी कुठवर चढलं होतं ते विचारलं. रजनीने आपल्या मांडीवर हात ठेवून दाखवलं. बैठक तिच्या मांडीच्या वर झाली. मृणालबाबू दिवसभर तोंड फुगवून होते, पण दुसऱ्या दिवशी तेच बायकांना सांगत होते की आपल्या भट्टीला आता वादळही काही करू शकत नाही.

पाइप जोडून झाले तेव्हा त्यात गॅस न सोडता काकांनी नुसती हवा भरली, टोकाला गेज लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासात काटा केसभर खाली आला. मृणालबाबू म्हणाले, एवढं चालतं. काका बाटलीतलं रिठ्याच्या फेसाचं पाणी ब्रशने एकेका सांध्याला लावत गेले आणि सतराव्या सांध्यापाशी थांबून मृणालबाबूंनाच हाक मारली. सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा होता. फुटला, पुन्हा आला. काकांनी तो सांधा सोडवला, आटे पुसले, नव्याने बांधला आणि पुन्हा पहिल्या सांध्यापासून सुरुवात केली. कालिंदी आपल्या खोलीच्या खिडकीतून बघत होती. कामावर असं प्रेम करणारा माणूस आपण किती दिवसांनी बघतोय, असं तिला वाटलं आणि उगीचच इचलकरंजीची आठवण आली.

मग आली विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी बंगालमधल्या कारखान्यांत यंत्रं चालत नाहीत. ती धुऊनपुसून सजतात, त्यांची पूजा होते आणि आकाशात पतंग उडतात. सबनीसकाका पूजेच्या आदल्या दिवशी आणि पूजेला येणार नव्हते. तिसऱ्या दिवशी येऊन भट्टी पेटवायची आणि पहिल्या दिवशी कालिंदीने सही केलेल्या त्यांच्या वहीतल्या कागदावर त्यांनीही सही करायची, असं ठरलं होतं. त्या सहीशिवाय भट्टी चालवायची नाही, हे मालकांनीही मान्य केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकातून आत आले आणि जागच्या जागी थांबले.

भट्टीला घर झालं होतं. मधल्या दोन दिवसांत मृणालबाबूंनी आणि बायकांनी मिळून लोखंडी पट्ट्या उभ्या केल्या होत्या, वर उतरतं पत्र्याचं छप्पर घातलं होतं आणि तिन्ही बाजूंनी पत्रे ठोकले होते. त्याला आकाशी रंग दिला होता. दारावर शेंदराचं स्वस्तिक होतं आणि दारापासून पंख्याच्या जाळीपर्यंत झेंडूच्या माळा होत्या. मालकांकडे कुणी काही मागितलं नव्हतं. कुणी जुना पत्रा आणला, कुणी घरचे खिळे, आणि रजनीने तर स्वतःच्या चुलीच्या खोपटावर घालायला घेतलेला कोरा पत्रा दिला होता. बाबा विश्वकर्म्याचं नवं मशीन पावसात कुडकुडत उभं राहणार, हे त्यांना बघवलं नव्हतं. माणसांना असते तशीच यंत्रालाही सर्दी होते, अशी तिथल्या सगळ्यांची पक्की समजूत होती.

"कसं झालंय?" मृणालबाबूंनी बंगालीत विचारलं. त्यांची छाती चांगलीच फुगली होती.

"काम सुरेख आहे," काका म्हणाले. "काढावं लागेल."

मृणालबाबूंचा चेहरा पडला तो बघवत नव्हता. कालिंदी काकांना बाजूला घेऊन गेली.

"काका, हे काढायचं म्हणजे अख्खा दिवस जाईल. आज गुरुवार. कापड उद्यापासून वाळायला लागलं नाही तर माल वेळेवर निघणार नाही. आणि तिन्ही बाजूंना हातभर जागा ठेवलीय की त्यांनी."

"हातभर जागा माणसाला पुरते. हे यंत्र उघड्यावर राहायलाच बनवलंय. पाऊस त्याच्या अंगावरून जातो. त्याला कोंडलं तर मात्र ते स्वतःचाच धूर ओढून घेतं. बांधून बंद केलं तर मी सही करणार नाही."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. पेटली का भट्टी? कालिंदीने, होतंय, होतंय, असं काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवून चहासाठी काकांना आपल्या खोलीत नेलं. डोकं शांत करून पुन्हा बोलू, असा तिचा बेत होता. खोलीला लागूनच चहाचा ओटा होता. बोलता बोलता तिथलं दूध उतू गेलं, पातेलं लागलं आणि करपल्याचा उग्र वास सगळीकडे भरला. बाहेरून दोन बायका पदर नाकाला लावून धावत आल्या. कालिंदीही उठली. काका मात्र त्या ओट्याकडे पाठ करून, पातेल्यापासून दोन हातांवर, वहीत काहीतरी लिहीत बसले होते. बायकांची धावपळ ऐकली तेव्हा त्यांनी मान वर केली.

"काय झालं?"

कालिंदी पातेल्याकडून त्यांच्याकडे वळली.

"काका, तुम्हाला वास येत नाही?"

"नाही," ते सहज म्हणाले. "पाच वर्षं झाली. त्या तापाच्या साथीत गेला तो परत आला नाही. त्याच आठवड्यात लीला गेली, माझी बायको. दोन्ही एकदमच."

कालिंदीचं खरं तर मन द्रवायला हवं होतं. पण तिच्या मानगुटीवर मालक बसले होते आणि दारात बत्तीस बायका उभ्या होत्या. नको ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे तुम्हाला गॅसचा वासच कळत नाही, म्हणून तुम्हाला सगळीकडे धोका दिसतो. आणि हे तुम्ही आम्हाला सांगितलंही नाहीत."

काका रागावले नाहीत. त्यांनी निळी वही उघडून पहिल्या दिवशी कालिंदीने सही केलेला कागद तिच्यासमोर सरकवला. दुसऱ्याच ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'मला वास येत नाही. वासाची तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घेतली जाईल. त्या माणसाचं नाव' आणि पुढे मोकळी जागा. कालिंदीने वाचलं नव्हतं. घाईत नुसती सही ठोकली होती. तिचे कान गरम झाले.

"तुमचं अर्धं खरं आहे," ते वही मिटत म्हणाले. "नाक होतं तेव्हा मी त्याच्यावर फार भरवसा ठेवायचो. आता बुडबुड्यावर ठेवतो, काट्यावर ठेवतो. पण हे पत्र्याचं प्रकरण वासाचं नाहीच. भट्टीला हवा कमी पडली की तिच्या धुरात जे विष होतं त्याला वास नसतो, रंग नसतो. तिथे तुमचं नाक आणि माझं नाक एकाच लायकीचं." मग ते उठले. "कालची धुनुची कुठे आहे?"

धुनुची म्हणजे मातीचं उभं धुपाटणं. पूजेत तिच्यात नारळाचा काथ्या आणि धूप घालून धूर करतात. रजनीला प्रश्नाचा अर्थ कळेना, पण ती घेऊन आली. काकांनी आधी मृणालबाबूंना सोबत नेऊन दाखवलं की गॅसची नळी सिलिंडरला अजून जोडलेलीच नाही, पाइपात नुसती हवा आहे. मग त्यांनी सगळ्या बायकांना वाळवणीच्या खोलीत जाऊन उभं राहायला सांगितलं. मृणालबाबूंना पंख्याचं बटण दिलं. भट्टी थंडच, चालू फक्त पंखा. आणि काका स्वतः पेटती धुनुची घेऊन त्या आकाशी घरात शिरले. भट्टीचा धूर जिथून बाहेर पडणार होता त्या तोंडापाशी त्यांनी ती धरली.

कालिंदी बाहेर उभी राहून बघत होती. पांढरा धूर वर गेला. उघडं आकाश असतं तर तो गेलाच असता. पण वर पत्रा होता. त्याला धडकून तो बाजूला वळला, ठोकलेल्या भिंतीला लागून खाली उतरला आणि मागे, जिथे पंख्याची जाळी हवा ओढत होती तिकडे, कुणी बोलावल्यासारखा शांतपणे निघाला. अर्धा मिनिटही लागलं नसेल.

"आला का?" काकांनी आतूनच ओरडून विचारलं. त्यांना स्वतःला तर काहीच कळत नव्हतं.

खोलीतून आधी हसण्याचा आवाज आला, कारण धुपाचा वास म्हणजे देव आले. मग हसणं हळूहळू थांबलं. रजनी दारात आली. तिच्यामागे खोलीच्या वरच्या जाळ्यांतून धूर उतरत होता आणि टांगलेल्या कापडांमधून पसरत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अंगणातल्या घराकडे पाहिलं, ज्याचा एक पत्रा तिचा होता.

"धुपाला वास आहे म्हणून समजलं," ती बंगालीत हळू म्हणाली. "नाहीतर आमरा तो टेरओ पेताम ना, दादा." आम्हाला तर कळलंही नसतं.

कुणाला काही सांगावं लागलं नाही. मृणालबाबूंनी पंखा बंद केला, खिशातून पाना काढला आणि पहिला नट स्वतःच सैल केला. आपल्या हाताने बांधलेलं आपल्या हाताने सोडणं सोपं नसतं. कालिंदीला त्या क्षणी त्यांचाही फार अभिमान वाटला.

पत्रे मात्र काकांनी फुकट जाऊ दिले नाहीत. सिलिंडरच्या ओट्यावर ऊन-पाऊस लागत होता. तिथे त्यांनी त्याच पट्ट्यांवर तेच आकाशी छप्पर चढवून घेतलं, चारी बाजू मोकळ्या ठेवून. स्वस्तिकाचा पत्रा छपराच्या पुढच्या कडेला आला. उरलेल्यांत रजनीचा पत्रा त्यांनी बरोबर ओळखला, गुंडाळी करून दोरीने बांधला आणि तिच्या हातात दिला. झेंडूच्या माळाही त्यांनी जाळीवरून अलगद उतरवल्या आणि त्यातली एक फाटकाला बांधली. देवाला दिलेलं आहे, एवढंच म्हणाले.

मग पुन्हा धुनुची. या वेळी धूर सरळ वर गेला आणि नदीकडून येणाऱ्या वाऱ्याने त्याला उचलून नेलं. खोलीतून बत्तीस बायकांनी एका सुरात सांगितलं की काही नाही. काकांनी तरी प्रत्येकीला वेगळं विचारलं. त्यानंतर धुनुची पाणी ओतून विझवली आणि फाटकाबाहेर ठेवायला लावली.

दुपारचे तीन वाजले तेव्हा गॅस जोडला गेला. प्रत्येक सांध्याला पुन्हा रिठ्याचं पाणी लागलं आणि वास बघायला काकांनी कालिंदीला बोलावलं. ती एकेका सांध्यापाशी वाकून हुंगत गेली आणि ते तिच्या पाठोपाठ ब्रश घेऊन गेले. कुठे बुडबुडा नाही, कुठे वास नाही. भट्टी पेटली. तिच्या छोट्याशा काचेतून निळी ज्योत दिसली. मृणालबाबूंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. काकांनी मध्येच पंखा मुद्दाम बंद करून दाखवला, तर ज्योत आपोआप विझली. तसंच व्हायला हवं होतं. मग त्यांनी तिला पुन्हा पेटवलं.

"चला," कालिंदी बायकांना म्हणाली. "कापड लावायला घ्या."

"अजून नाही," काका म्हणाले. "पहिला तास माझा."

त्यांनी पिशवीतून हातात मावेल एवढं विषारी हवा मोजायचं यंत्र काढलं, एक स्टूल उचललं आणि वाळवणीच्या खोलीत मधोमध जाऊन बसले. मृणालबाबूंना दारात उभं केलं. दार उघडं, मृणालबाबूंचा हात बटणावर. काकांच्या मांडीवर ते यंत्र आणि शेजारी वही. दर पाच मिनिटांनी ते आकडा बघत आणि लिहीत. कालिंदी बाहेरून थोडा वेळ बघत राहिली. बाहेर घाई तर होतीच. पण सकाळचं बोलणं तिला टोचत होतं. ती चपला काढून आत गेली आणि दुसरं स्टूल त्यांच्याजवळ ओढलं.

"काका, सकाळी मी बोलले ते चुकलंच. तो कागद वाचायला हवा होता मी."

"वाचत नाही कोणी. म्हणून तर दुसऱ्या ओळीत लिहितो."

"हे यंत्र बाहेरून वायर टाकूनही ठेवता आलं असतं ना? तुम्ही स्वतः कशाला बसता?"

त्यांनी पेन वहीत ठेवलं. मग म्हणाले, "माझा मोठा भाऊ वसंत. माझ्याआधी तोच या कामात होता, त्यानेच मला शिकवलं. चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत टँगऱ्याकडे अशीच एक भट्टी लावली आम्ही. गारठा होता म्हणून कुणीतरी भट्टीभोवती तट्ट्या बांधल्या. मी पाहिल्या. मला वाटलं, एवढं चालतं. वसंता डबा खायला म्हणून उबेला आत बसला. कुणालाही कसलाही वास आला नाही. मी चहा खाऊन परत आलो तेव्हा तो भिंतीला टेकून होता, डबा अर्धा उघडा. झोपलाय असंच वाटलं मला." त्यांनी आकडा पाहिला, लिहिला. "खोली सुरक्षित आहे की नाही ते हे मीटर सांगतं, मी नाही. पण ज्या खोलीत दुसऱ्याला दिवसभर उभं राहा म्हणायचं, तिथे आपण आधी तासभर बसावं. तेवढं मी वसंताला देणं लागतो."

कालिंदीचे डोळे भरून आले होते आणि ते पुसावेत असंही तिला वाटलं नाही. अशा किती खोल्या असतील, असं तिने विचारलं. एकशे एकोणचाळीस, ते म्हणाले, ही चाळीसावी. म्हणजे एकशे चाळीसावी. एकशे चाळीस तास हा माणूस कुणाच्या ना कुणाच्या तरी खोलीत असा एकटा बसला होता आणि त्यातल्या कुठल्याही कारखान्यात कुणाला त्याचं नाव आठवत नसेल, कारण तिथे कधी काहीच झालं नाही.

हवा आता चांगली तापली होती. दाराजवळच्या दोरीवर परवाचं छापलेलं एक ओलं कापड तसंच राहून गेलं होतं. ते हळूहळू हलायला लागलं.

"कालिंदीबाई," काका म्हणाले, "वासाची तपासणी राहिलीय. सांगा, कसा येतोय?"

तिने डोळे मिटले आणि मन लावून श्वास घेतला. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"आधी नव्या पत्र्याचा येत होता, तापलेल्या तव्यासारखा. तो गेला. मग ओल्या गोणपाटाचा. आता..." ती थांबली. "आता भाजणी भाजताना येतो ना, तसा. तागातलं पाणी जातंय."

"भाजणीचा," ते म्हणाले. त्यांचा हात वहीवर थांबला होता. "करपलेला?"

"नाही. खमंग."

"लीला दिवाळीच्या आधी भाजायची. सगळ्या जिन्याला कळायचं." ते किंचित हसले. "नीट बघा हं. खमंगच ना?"

"खमंगच, काका."

तास भरला. यंत्रावर शून्य होतं, बाराही वेळा शून्यच लिहिलं होतं. त्यांनी दुसऱ्या ओळीतल्या मोकळ्या जागेत कालिंदीचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'गॅस नाही, धूर नाही' असं लिहिलं आणि जरा विचार करून त्याच्यापुढे 'खमंग' असंही लिहिलं. मग खाली सही केली. वही मिटून ते गुडघ्यांवर हात टेकत उठले, दोरीवरच्या त्या कापडाचं टोक चिमटीत धरून पाहिलं, आणि दारातून हाक मारली, "रजनी, या आता सगळ्या."